नाल्याकाठचं सोनं

भोपाळहून परत आले तेव्हा शाळेतल्या शिक्षिकांनी मला स्टाफरूममध्ये घेरलं. "मोठा तलाव पाहिलात?" लांबून पाहिला. "सांची?" नाही. "भीमबेटका तरी?" तेही नाही. "अहो बाई, मग आठ दिवस केलंत काय?" मी खरं ते सांगितलं. एका कारखान्याच्या वसाहतीत, घरामागच्या नाल्याकाठी, एका किड्याचा फोटो काढत होते. त्या एकमेकींकडे बघून हसल्या आणि डबे उघडायला लागल्या. तेव्हाच ठरवलं, की हे सगळं सविस्तर लिहून काढायचं.

मी कराडच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. मुलांसाठी एक लहानसं पुस्तक करायचं माझ्या मनात होतं. घराच्या आसपास दिसणारे बारा कीटक, प्रत्येकाला एक पान, आणि फोटो असा की पांढऱ्याशुभ्र पानावर फक्त तो कीटक. मागे गवत नाही, माती नाही, फुलं नाहीत. वर्गात मी छापील चित्रं दाखवते तेव्हा हमखास कोणीतरी विचारतं, "बाई, यात किडा कुठाय?" त्यावरून हे सुचलं. कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसणाऱ्या रिंगा मिळवल्या, त्यांच्यामुळे बारीक वस्तू मोठी दिसते, आणि दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी अंगणात पालथी पडून राहिले. पुण्याचे एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार झाले. अकरा फोटो त्यांना पसंत पडले. बारावा त्यांनी परत पाठवला.

तो बारावा म्हणजे सोनेरी कासवकिडा. बेशरमाच्या झुडपावर राहतो, टिकलीएवढा असतो. पाठीवर ढाल, ढालीची कड काचेसारखी आरपार, आणि मधोमध अस्सल सोनं. लहानपणी आम्ही मुली तो कपाळावर ठेवून मिरवायचो. पुस्तकाची कल्पना मुळात याच किड्यामुळे माझ्या डोक्यात आली होती. पण त्याची एक खोड आहे. तो निवांत असेपर्यंतच सोनेरी. घाबरला की सोनं उतरतं आणि तो मातकट तपकिरी होतो. मेला की कायमचाच तपकिरी. मला कोणीतरी सांगितलं होतं, की किडा फ्रिजमध्ये ठेवला की सुस्तावतो, मग फोटो छान निघतो. मी तसं केलं. तो सुस्तावला खरा, पण सोनं गेलं. प्रकाशकांनी लिहिलं, "मजकुरात सोनेरी म्हटलं आहे, चित्रात ढेकूण दिसतो आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच छपाईला घेतो. तोवर नवा फोटो आला तर उत्तम, नाहीतर अकराच कीटक घेऊ."

हे रडगाणं मी माझ्या मावसबहिणीला, कुमुदताईला, पत्रात लिहिलं. तिचे यजमान भोपाळच्या अवजड यंत्रांच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात आहेत. तिचं उलट टपाली उत्तर आलं. "यांच्या ओळखीचे एक सलीमभाई आहेत. कारखान्याचे फोटोग्राफर होते, आत्ताच रिटायर झाले. तीस वर्षं चमकणाऱ्या मशीनचे फोटो काढलेत, तेसुद्धा सफेद बॅकग्राउंडवर. तुझा किडा चमकतो म्हणतेस ना? मग ये इकडे. बेशरम आमच्या मागच्या नाल्यावर भरपूर आहे."

भाऊबीज उरकली आणि मी निघाले.

शेव, बडीशेप आणि जिलबी

गाडीचा प्रवास वगळते, कारण तो झोपेत गेला. स्टेशनवर भाऊजी स्कूटर घेऊन उभे होते. शहराची गर्दी मागे पडली आणि एकदम रुंद, सरळ रस्ते सुरू झाले. दोन्ही बाजूंना झाडं, एकसारखी बैठी घरं, प्रत्येकाला पुढे आणि मागे बाग. आमच्या कराडच्या आळीत एका घरातली फोडणी तिसऱ्या घरात ठसका देते. इथं शेजाऱ्याला हाक मारायची तर कुंपणापर्यंत चालत जावं लागतं. पण लोक जातात. कुमुदताईच्या डावीकडे बंगाली कुटुंब, उजवीकडे मल्याळी, समोर पंजाबी. तिच्या पुरणपोळ्या तीन दिशांना जातात आणि तीन दिशांहून वाट्या भरून परत येतात. कारखान्याचा भोंगा वाजला की रस्ता सायकलींनी भरून जातो आणि दहा मिनिटांत पुन्हा मोकळा होतो. घड्याळाची गरजच नाही.

त्या दिवसांत दिल्लीहून कोणी मोठे साहेब येणार होते. वसाहतभर झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना फासणं चालू होतं. मला ते फार प्रसन्न वाटलं. पुढे त्याचा काय ताप होणार आहे हे तेव्हा माहीत नव्हतं.

सकाळी कुमुदताईने पुढ्यात पोहे ठेवले. आपल्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि कोथिंबीर. इथं पोह्यांत बडीशेप, वर मूठभर शेव, डाळिंबाचे दाणे, आणि शेजारी गरम जिलबी.

"पोह्यांबरोबर जिलबी?" मी विचारलं.

"खाऊन तर बघ. एक घास याचा, एक तुकडा त्याचा," कुमुदताई म्हणाली. "आणि फटाफट आंघोळ करून घे, नंतर नळ बंद होतो. मला आज फुरसत नाहीये, ढीगभर मटर छिलायचेत."

वीस वर्षांत तिचं मराठी असं झालं आहे. सातारची मुलगी, पण मटार सोलत नाही, मटर छिलते. पहिल्या दिवशी मी जिलबी बाजूला काढून ठेवली. तिसऱ्या दिवशी मीच विचारलं, "आज जिलबी नाही आणली का?"

लोखंडाचे फोटोग्राफर

सलीमभाई इंद्रपुरीत राहतात. भाऊजी मला संध्याकाळी घेऊन गेले. दार उघडलं ते उंच, काटकुळ्या, पांढऱ्या दाढीच्या माणसाने. भाऊजींना पाहताच त्यांचा चेहरा खुलला.

"को खां, आज इधर का रस्ता कैसे भूल गिये?"

बैठकीच्या भिंतीवर फोटोच फोटो होते. एकाही फोटोत माणूस नव्हता. दातेरी चाकं, पितळी झडपा, आरशासारखे घासलेले दांडे, सगळे पांढऱ्या पार्श्वभूमीवर, एकटे, जणू हवेत तरंगणारे. माझ्या मनात होतं ते पान अगदी असंच होतं, फक्त लोखंडाच्या जागी किडा.

चहा आला. पहिला घोट घेतला आणि मी दचकले. चहात मीठ! भाऊजी माझ्याकडे बघून हसत होते. हा इथला खास नमकीन चहा. दुसऱ्या घोटाला बरा लागला, आणि कप संपला तेव्हा आणखी हवासा वाटला.

मी पिशवीतून माझा तपकिरी फोटो काढून सलीमभाईंना दिला.

"ये तो कीड़ा है," ते म्हणाले.

"हां, लेकिन वो ऐसा दिखता नहीं," मी माझ्या हिंदीत सांगू लागले. "वो सोना दिखता है. वो घाबरा, इसलिए ऐसा हुआ."

"बाजी, मैं लोहे का फोटोग्राफर हूं," बाजी म्हणजे ताई अशी हाक मारून त्यांनी फोटो अदबीने परत केला. "लोहा हिलता नहीं, डरता नहीं, उड़ता नहीं. और सच कहूं तो कीड़ों से मुझे घिन आती है."

आतून त्यांच्या बेगम म्हणाल्या, "झुरळ दिसलं तरी पलंगावर चढतात." म्हणजे हिंदीत म्हणाल्या, पण मला पहिल्याच फटक्यात समजलं.

एवढ्या लांब येऊन हे ऐकायला मिळालं. माझा चेहरा पडला असावा, कारण सलीमभाईंनीच मग समजूत घातल्यासारखं म्हटलं, "अच्छा, कल पांच मिनट देख लूंगा. सिर्फ देखूंगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. कुमुदताईच्या परसातलं फाटक उघडून आम्ही नाल्यावर गेलो. बेशरमाची झुडपं पुरुषभर उंच, फिक्या जांभळ्या फुलांनी लगडलेली. सलीमभाई हात मागे बांधून, कशालाही स्पर्श होणार नाही असे उभे होते. मी एकेक पान उलटत गेले. सातव्या की आठव्या पानाखाली तो होता. मी पान अलगद उन्हाकडे वळवलं.

सलीमभाईंनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"या अल्लाह," ते हळू आवाजात म्हणाले. "ये तो पॉलिश किया हुआ है."

ते वाकले. आणखी वाकले. नाक पानापासून वीतभर अंतरावर आलं, तेव्हा उद्गारले, "इसमें तो मैं दिख रिया हूं!"

किडा घाबरला नाही. सलीमभाईही नाही. पाच मिनिटांसाठी आलेले गृहस्थ त्या दिवशी आमच्याकडे जेवूनच गेले.

तंबू

"फ्रिज बंद," हा त्यांचा पहिला हुकूम. दुसरं त्यांनी मला समजावलं ते असं. चकचकीत वस्तू म्हणजे आरसा. तिच्यासमोर काळा कॅमेरा धरला की तिच्यात काळा डाग दिसतो, निळं आभाळ असलं की निळा. सोनं सोन्यासारखं दिसायला हवं असेल तर त्याच्या चहूकडे फक्त पांढरं असायला हवं.

भाऊजींनी ड्रॉइंग ऑफिसातले बाद झालेले ट्रेसिंग पेपर आणून दिले. परसात चार विटांवर खिडकीची एक काच आडवी ठेवली. काचेवर ट्रेसिंग पेपर अंथरला. त्याच कागदाचा एक उभट तंबू करून वर बसवला, त्याच्या टोकाला भोक. कॅमेरा वरून त्या भोकाला टेकवायचा, आणि लेन्सच्या काळ्या कडेलासुद्धा पांढऱ्या कागदाची कॉलर. खालून सलीमभाई आरशाने ऊन काचेवर फेकणार. उजेड कागदातून गाळून वर येई, इतका मऊ की सावलीच पडत नसे. मी भोकातून पाहिलं. किड्याची पारदर्शक कड, जी मला कधीच नीट पकडता आली नव्हती, काचेच्या बांगडीसारखी स्पष्ट दिसत होती.

त्या दिवशी आम्ही दोन किडे आणून छत्तीस फोटो काढले, म्हणजे अख्खा रोल. किडे पुन्हा झुडपावर सोडले. कुमुदताईने खुशीत शिरा केला. मला इतका आनंद झाला होता की मी शेजारच्या बंगाली काकूंना, ओळख नसताना, कुंपणावरून सगळी हकीकत सांगितली.

सकाळी आम्ही जवाहर चौकातल्या एका स्टुडिओत रोल धुवायला दिला. मालक सलीमभाईंचे जुने स्नेही. "दोपहर में आओ," म्हणाले. तोवर बाजारात फिरलो. दुपारी परत गेलो तर मालक फिल्मची लांब पट्टी उजेडासमोर धरून उभे होते. पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी होती.

चूक माझी. रोल मी भरला होता. फिल्मच्या कडेची भोकं कॅमेऱ्याच्या दात्यांत बसलीच नव्हती. छत्तीस वेळा खटका दाबला आणि फिल्म जागची हलली नव्हती. मुलांना मी वर्षभर "तपासून बघा, तपासून बघा" म्हणत असते. मला वर मान करवेना.

सलीमभाईंनी पट्टी हातात घेतली, गुंडाळली, खिशात टाकली.

"मेरे साथ भी हुआ था," ते म्हणाले. "इतनी बड़ी मशीन, रेल पे चढ़के चली भी गई. तब पता चला. उस बेचारी की आज तक तस्वीर नहीं है. आपका कीड़ा तो घर के पीछे बैठा है. चलिए."

बादली

पण तो घरामागे बसलेला नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा नाल्याकाठ मोकळा झाला होता. दिल्लीचे साहेब येणार म्हणून सफाईवाल्यांनी सगळं बेशरम बुडापासून तोडून ट्रॉलीत भरून नेलं होतं. काठावर ओल्या खुंटांच्या रांगा आणि चुन्याची ताजी रेघ. मी फाटकापाशी नुसती उभी राहिले. परवा दुपारची माझी परतीची गाडी होती.

कुमुदताई परसात कमरेवर हात ठेवून उभी होती, चेहरा लालबुंद. "मी भांडले गं त्यांच्याशी," ती म्हणाली. "म्हटलं, भैया, इधर मत काटो, मेरी बहन के कीड़े हैं. ते हसायलाच लागले. एकजण म्हणाला, अम्मा, कीड़े हैं इसीलिए तो काट रहे हैं. मग मी एक फांदी ओढूनच घेतली त्यांच्या हातातून. ये, दाखवते."

तिने मला न्हाणीघरात नेलं. बादलीत पाणी भरून त्यात एक मोठी फांदी उभी केली होती. बादली अशा जागी, की त्या दिवशी घरात कोणी आंघोळ करू शकलं नसतं. पहिल्या दिवशी याच नाल्याला ती "एकदम गंदा" म्हणाली होती.

"बघ. वाचवले तुझे किडे."

मी पानं उलटून पाहिली. होते खरे, पण ती पिल्लं. काटेरी, काळसर, पाठीवर स्वतःचीच विष्ठा आणि जुन्या काती छत्रीसारख्या धरून चालणारी. शत्रूला किळस यावी म्हणून निसर्गाने दिलेली युक्ती. मी कुमुदताईला ते सांगितलं.

तिने त्या छत्र्यांकडे बोट दाखवलं. "म्हणजे मी यांच्यासाठी भांडले?"

दोघी इतक्या हसलो की भाऊजी धावत आले. त्या हसण्याने मला पुष्कळ बरं वाटलं. सोन्याचा मात्र पत्ता नव्हता.

कोटरा सुल्तानाबाद

सकाळी भोंग्याच्याही आधी फाटकापाशी स्कूटर वाजली. सलीमभाई डोक्याला मफलर गुंडाळून आले होते.

"बैठिए बाजी. रात भर सोचा. उसका तो नाम ही बेशरम है, पूरे भोपाल से थोड़े ही खतम होगा."

मी हातात रिकामा डबा घेतला, झाकणाला भोकं पाडलेला. आम्ही शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोटरा सुल्तानाबादच्या बाजूला गेलो. घरांच्या रांगा संपतात तिथे उतारावर पाणी साचतं आणि त्याच्या कडेने बेशरम माजलेलं आहे, हे त्यांना ठाऊक होतं. वाटेत एका चढावरून मोठा तलाव दिसला, धुक्यात अर्धा बुडालेला. माझं भोपाळदर्शन तेवढंच.

तासभर शोधलं. सलीमभाई आता हात मागे बांधून उभे नव्हते. बाह्या सारून पानं उलटत होते आणि प्रत्येक कोळ्याला दचकत होते. मी खालच्या फांदीला हात घालायला गेले आणि चिखलात घसरले. गुडघ्यापर्यंत पाय आत. पाय बाहेर आला, चप्पल आली नाही. ती अजून कोटऱ्यातच आहे.

काठावर एक बाई म्हशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी हा सगळा प्रकार शांतपणे पाहिला होता.

"का ढूंढ रई हो?" त्यांनी विचारलं.

"सोने का कीड़ा," मी चिखलातूनच म्हणाले.

मला वाटलं, आता ह्याही हसणार. त्यांनी मान डोलावली. "हओ. बिंदी वाला." मग काठी टेकत खाली उतरल्या. "पुराने पत्ते में नईं मिलेगा. कोंपल देखो. जिसमें छलनी जैसे छेद हैं, उसके नीचे बैठता है."

एका कोवळ्या फांदीवर गोल गोल भोकांनी चाळणी झालेली पानं होती. त्यांनी एक उलटलं. त्यावर दोन किडे. दुसरं उलटलं, तिथे एक. तिन्ही उन्हात लखलखले.

दोन वर्षं मी ह्या किड्यामागे आहे, पुस्तकं वाचली आहेत, पण चाळणीची खूण मला कोणी सांगितली नव्हती. मी त्यांना हात जोडले, तर त्या माझ्या अनवाणी पायाकडे बघून म्हणाल्या, "पैले पैर धो लो, बाई." आणि म्हशींसाठी आणलेल्या बादलीतलं पाणी ओतून त्यांनी माझा पाय स्वतःच धुतला. मला संकोच वाटला, पण त्यांनी ऐकलं नाही.

अकरा ते एक

घरी येऊन डबा उघडला. तिन्ही किडे तपकिरी.

"स्कूटर के झटके," सलीमभाई म्हणाले. "कोई बात नहीं. बैठने दो."

आम्ही एकाला कोवळ्या पानाच्या तुकड्यासकट तंबूत ठेवलं आणि थांबलो. अर्ध्या तासाने त्याने पान कुरतडायला सुरुवात केली. कडेकडून रंग परतू लागला. आधी तांब्याचा, मग पितळेचा. मी श्वास रोखून कॅमेऱ्याला डोळा लावला, आणि तेवढ्यात कारखान्याचा भोंगा वाजला. किडा क्षणात मातकट.

सलीमभाईंनी घड्याळ पाहिलं. पुढचा भोंगा एक वाजता. "हमारे पास अब से एक बजे तक का वक्त है."

मग कुमुदताईने सूत्रं हाती घेतली. पंजाबी घरात जाऊन तिने धुणं आपटणं थांबवलं. मल्याळी घरातला मिक्सर बंद करवला. बंगाली काकू तर खुर्ची घेऊन कुंपणापाशीच येऊन बसल्या, तोंडावर बोट ठेवून. अख्खी गल्ली एका किड्यासाठी गप्प झाली.

सलीमभाई जमिनीवर मांडी घालून बसले होते, दोन्ही हातांत आरसा. सूर्य सरकत होता तसा ते आरसा केसभर सरकवत. त्यांचं वय, त्यांचे गुडघे, वरचं ऊन, मला सारखं वाटत होतं, आता थांबा म्हणावं. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा कॅमेऱ्याला डोळा लावला.

किडा खाऊन तृप्त झाला आणि पानावरून स्वतःच उतरून पांढऱ्या कागदावर आला. मी चिमट्याने पान हलकेच काढून घेतलं. आता कागद आणि तो. बाकी काही नाही. सोनं परतलं. तांबं, पितळ, आणि मग एकदम आतून दिवा लागावा तसं पिवळंधमक. मधोमध अजून एक करडी छटा होती.

"थोड़ा बाएं," मी पुटपुटले.

आरसा केसभर हलला. करडी छटा गेली.

मी खटका दाबला. फिल्म पुढे घेतली, रोलची कळ फिरते आहे हे डोळ्यांनी पाहिलं, पुन्हा दाबला. सलीमभाई खालून दर वेळी विचारत, "घूमी?" आणि मी म्हणे, "घूमी." सोळा फोटो झाले. मग किडा तंबूच्या कडेखालून बाहेर निघाला आणि थेट सलीमभाईंच्या बोटावर चढला.

आम्ही सगळे थिजलो. झुरळाला पाहून पलंगावर चढणारा माणूस. त्यांनी आरसा हळूच खाली ठेवला. बोट डोळ्यांसमोर धरलं. किडा नखापर्यंत चालत गेला, थांबला, आणि सोनेरीच राहिला.

"डर नहीं रिया," सलीमभाई म्हणाले. "बेगम मानेंगी नहीं."

मग आम्ही उरलेल्या दोघांचे फोटो काढले. एकचा भोंगा वाजला तेव्हा रोल संपलेला होता. गल्लीत मिक्सर, धुणं, गप्पा, सगळं एकदम सुरू झालं. ऊन उतरल्यावर सलीमभाईंनी तिन्ही किडे डब्यात घेतले आणि एकटेच स्कूटरवरून कोटऱ्याला जाऊन, त्याच झुडपावर सोडून आले. मी म्हटलं, कुमुदताईच्या बादलीतल्या फांदीवर सोडू. त्यांनी मान हलवली. "जहां से उठाया, वहीं."

जवाहर चौक

रोल आदल्या संध्याकाळीच धुवायला दिला होता. शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही चौघेही स्टुडिओत गेलो, माझी बॅग बरोबर घेऊनच. कुमुदताईने प्रवासासाठी बांधलेल्या दशम्या भाऊजींच्या हातात. मालक आतून ओले फोटो घेऊन आले आणि काउंटरवर एकेक मांडत गेले. पहिले दोन धूसर. तिसरा तिरका. चौथा त्यांनी ठेवला आणि आम्ही चौघेही काउंटरवर वाकलो.

कोरं, शुभ्र पान. त्यावर एक थेंबभर सोनं, भोवती काचेची कड, कडेखालून डोकावणाऱ्या दोन बारीक मिशा. त्या सोन्यात ना कॅमेऱ्याचा डाग, ना आभाळाचा.

पासपोर्टच्या फोटोसाठी आलेल्या एक बाई माझ्या खांद्यावरून वाकल्या. "कितने सुंदर टॉप्स हैं," त्या म्हणाल्या. "कौन से सुनार के यहां बनवाए?"

कुमुदताई फिस्सकन हसली. सलीमभाईंनी अगदी गंभीरपणे उत्तर दिलं, "बहनजी, कोटरा में मिलते हैं. नाले के किनारे. लेकिन पहनने नहीं देते."

बाईंना सगळा प्रकार सांगावा लागला. त्यांनी तो फोटो पुन्हा हातात घेतला, बराच वेळ पाहिला, आणि स्वतःच्या कानाला हात लावून हसल्या.

गाडीला वेळ होता. मी सलीमभाईंना म्हटलं, "किताब में फोटो के नीचे आपका नाम आएगा."

ते एकदम मागे सरले. "नहीं नहीं. बटन आपने दबाया. तस्वीर आपकी है."

"आपके बिना कैसे होता?"

"तीस बरस मशीनों की तस्वीरें निकालीं, बाजी. नीचे मशीन का नंबर छपता था. मेरा नाम कहीं नहीं छपा. अब आदत हो गई."

हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही, पण भाऊजींनी मान खाली घातली. मी ऐकेना, तेही ऐकेनात. शेवटी काउंटरवरचं पेन उचलून त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "झूठ नहीं लिखना है, तो ये लिख दीजिए. तस्वीर आपकी. रोशनी सलीम की."

पुस्तक गेल्या महिन्यात छापून आलं. त्याआधी प्रकाशकांचं पत्र आलं होतं. बाराव्या पानावरच्या एका ओळीबद्दल त्यांना शंका होती. इतर अकरा पानांवर अशी ओळ नाही, मजकूर जुळवणाऱ्याची चूक आहे का, काढून टाकू का? मी त्याच दिवशी कार्ड टाकलं, की चूक नाही, ओळ जशी आहे तशीच राहू द्या. आता ते पुस्तक शाळेत मुलांच्या हातात आहे, आणि एक प्रत इंद्रपुरीत पोचली आहे. बाराव्या पानावर, सोन्याच्या खाली, बारीक अक्षरात छापलं आहे: उजेड – सलीमभाई, भोपाळ.